खून नसलेली रहस्यकथा

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे, आणि माझ्या लेखिकेचं नाव फार मोठं आहे. तिला मानसन्मान मिळाले तेव्हा तिचा फोटो वाचनालयाच्या भिंतीवर लागला. मी मात्र त्याच खोलीत, रहस्यकथांच्या फळीवर, भलत्याच नावाने उभी होते.

त्याचं असं झालं. माझी शिवण उसवली म्हणून ग्रंथपालांनी मला बाइंडरकडे धाडलं. सोबत एक रहस्यकथा होती, माझ्याच उंचीची आणि माझ्याइतकीच खिळखिळी. दोघींची पहिली पानं केव्हाच फाटून गेली होती. बाइंडरने आम्हाला छान शिवलं, खळ लावली आणि गप्पांच्या नादात माझा पुठ्ठा तिला, तिचा मला चिकटवला. माझ्या अंगावर रक्ताळलेला सुरा आला. ती माझ्या नावाने थोर साहित्याच्या काचेच्या कपाटात जाऊन बसली. त्या कपाटाला लोक लांबूनच मान देत, उघडत कुणी नसे, त्यामुळे चूक उघडकीला आली नाही.

माझे हाल विचारू नका. वाचक मला हौसेने नेत आणि तोंड वाकडं करून परत आणत. माझ्यात आहेत दोन जावा, एक सामाईक स्वयंपाकघर आणि पुष्कळ अबोला. शेवटी ग्रंथपाल वैतागले. आणखी एक तक्रार आली की हिला रद्दीत काढायची, असं ते माझ्यादेखत शिपायाला म्हणाले. मला फार भीती वाटली.

मग लॉन्ड्रीवाल्या मावशींनी मला नेलं. त्या लहानपणी राजपुत्रांच्या गोष्टी वाचत, लग्नानंतर प्रेमकथा. पुढे त्यांचाही वीट आला आणि निदान कुणाचा मुडदा तरी पडू दे म्हणून त्या रहस्यकथांकडे वळल्या. पुस्तक अर्ध्यावर आलं की खुनी कोण ते ग्रंथपालांना सांगून यायचं, हा त्यांचा नेम होता. काचेच्या कपाटाकडे त्या फिरकत नसत. आपल्याला त्यातलं काय कळणार, असं म्हणत.

इस्त्री तापेपर्यंत एक पान, गिऱ्हाईक गेलं की दुसरं, असं आमचं चाले. माझ्यापायी एका शर्टाची कॉलर करपली, याचं मला अजून वाईट वाटतं. थोरल्या जावेने दूध तापवलं की मावशींना विषाची शंका येई. दीर जिना उतरू लागला की त्यांचा श्वास अडके. खून कुणाचा होणार ते कळेना, म्हणून त्या सगळ्यांनाच जपू लागल्या. इतकं डोळ्यांत तेल घालून मला आजवर कुणी वाचलं नव्हतं. मी सुखावले, आणि माझ्यात खून नाही हे आठवून धास्तावले.

अर्ध्यावर आल्यावर त्या मला घेऊन वाचनालयात गेल्या. या खेपेला संशय कुणावर, असं ग्रंथपालांनी हसत विचारलं.

"संशय राहू द्या. त्या धाकटीला काही होत नाही ना, तेवढं सांगा. बाकी कुणाचं काहीही होऊ दे. नाही, थोरलीचंही नको. तोंडाने फटकळ आहे, पण मनाने वाईट नाही हो ती."

ग्रंथपालांनी धाकटीचं नाव विचारलं आणि ऐकताच ते चमकले. तरुणपणी त्यांनी ते माझ्यातच वाचलं होतं. त्यांनी मला चाळलं, मग काचेचं कपाट उघडलं. तिथल्या माझ्या पुठ्ठ्याआड, पहिल्याच प्रकरणात, जिन्यात प्रेत पडलेलं होतं.

ते फार ओशाळले. झालेला घोटाळा सांगून, खरी रहस्यकथा बदलून न्या म्हणाले. मावशींनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि मला घट्ट धरलं.

"म्हणजे सगळे जगतात?"

"जगतात. भांडत जगतात."

मावशी खुर्चीत बसल्या आणि डोळे पुसू लागल्या. "बरं झालं पुठ्ठा चुकला," त्या म्हणाल्या. "या बाईंचं नाव बघून मी हातसुद्धा लावला नसता."

आता माझ्या अंगावर माझाच पुठ्ठा आहे. मावशी काचेच्या कपाटातून त्याच लेखिकेची तिसरी कादंबरी घेऊन गेल्या आहेत. ती ऐटबाज आहे, तरी मला तिचा हेवा वाटतो.

मित्रांनो, आमची पानं दुमडू नका, शिवण उसवली तर वेळेवर शिवून घ्या. पण काचेआड ठेवून आम्हाला नमस्कार करू नका. आम्हाला घरी न्या. आमच्यातल्या माणसांचं पुढे काय होईल याची कुणीतरी काळजी करावी, एवढ्यासाठीच तर आम्हाला लिहिलेलं असतं.