तांबडा दिवा आणि कवळी

गुलाम रसूल यांनी तीस वर्षं जहाजावर काढली होती, त्यामुळे दिव्यांतलं आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची खात्री होती. आणि एकदा खात्री झाली की ते कुणाला काही विचारत नसत. सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

त्यांचा मुलगा अनस दोह्याला नोकरीला. मागच्या हिवाळ्यात सून महरीन त्यांना स्टँडजवळच्या सायबर कॅफेत घेऊन गेली होती. कॉम्प्युटरवर सुपारीएवढा कॅमेरा बसवलेला. त्याचा तांबडा दिवा पेटला आणि तिकडे अनसला राजिवड्यातला बाप दिसला. नुसता दिसला नाही, बोळका दिसला. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्याच महिन्यात त्याने पैसे पाठवले आणि गुलाम रसूल यांना कवळी बसली.

कवळी कसली, शिक्षाच ती. हिरड्या सोलून निघत. जेवताना तर ती नकोच वाटे. ते ती काढून ताटाशेजारी ठेवत आणि सुरमई नि भात हिरड्यांवरच उरकत. मग कवळी डबीत, डबी खिशात. पण हे अनसला कळलं तर त्याला काय वाटेल, या विचाराने त्यांचा जीव खालीवर होई. उन्हात राबून त्याने घेऊन दिलेले दात होते ते.

मे महिन्यात गावी येणाऱ्या कुणाच्या तरी हाती अनसने लेकीसाठी, म्हणजे इकरासाठी, व्हिडिओ गेम पाठवला. इकराने तो टीव्हीला जोडला, गेमचा रिमोट हातात धरला आणि त्याच्या मधोमध तांबडा दिवा पेटला. अगदी तस्सा. गुलाम रसूल खुर्चीत ताठ झाले. रिमोटची वायर गेमच्या डब्याला, डब्याची टीव्हीला, टीव्हीची केबल खिडकीतून माडावरून थेट समुद्राकडे. आणि समुद्रापलीकडे दोहा! त्यांनी गुपचूप पाठ फिरवली आणि कवळी चढवली.

इकरा नाश्ता करून बसली की दुपार कलल्यावरच्या असरच्या अजानीपर्यंत उठायचं नाव नाही. तेवढा वेळ गुलाम रसूलही इस्त्रीचा सदरा घालून, दात घालून, रिमोटकडे बघून मंद हसत बसत. एकदा तर हात उचलून सलामही केला. आठव्या दिवशी तोंड इतकं आलं की चहासुद्धा झोंबायला लागला.

"इकरा, तो दिवा बंद नाय होत?"

"होतो ना बाबा. हे बटन दाबलं की जातो. पन मग ही अंगठ्याने फिरवायची दांडी चालत नाय, गाडी वळत नाय."

गाडी की हिरड्या, असा प्रश्न होता. इकरा पाणी प्यायला उठली की बाबा (घरात सगळेच, नातसुद्धा, त्यांना बाबा म्हणत) पटकन बटण दाबत. ती परत येऊन बसली की तिची गाडी सरळ जाऊन भिंतीवर. तिसऱ्यांदा तिने भोकाड पसरलं, तेव्हा बाबांनी हत्यारांच्या पेटीतून वायरीला गुंडाळायची काळी पट्टी काढली. एका थरातून दिवा दिसत होता. दुसऱ्यातूनही. चौथा थर बसला तेव्हा कुठे अंधार झाला. मग बाबांनी दात काढले आणि त्या रिमोटसमोरच चहात बुडवून पाव खाल्ला. कित्येक दिवसांत पाव इतका गोड लागला नव्हता.

दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी त्यांना चैन पडेना. पोरगा तिकडे नुसता काळोख बघत बसला असेल. इकरा अंघोळीला गेली होती, गेम चालूच होता. त्यांनी पट्टीचं टोक उचललं, तोंडावर हात धरला आणि म्हणाले, "अनस, इकडे सगळं बरं हाय हां!"

दारात महरीन उभी होती. "बाबा, कोनाशी बोलताय?"

आता सांगणं भाग होतं. ओढणीचा पदर तोंडात कोंबून तिने सगळं ऐकून घेतलं. "बाबा, त्यातून कुनाला काय दिसत नाय. दांडी चालू हाय ते कळावं म्हनून दिवा हाय तो."

"म्हंजे त्यानं मला बघितलंच नाय?"

"नाय."

खरं तर त्यांनी सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. पण त्यांना फार वाईट वाटलं. इतके दिवस पोरगा समोर बसलाय असं धरून ते चालले होते, आणि तो नव्हताच.

"मग मला त्या सायबरात ने," ते म्हणाले.

शुक्रवारी नमाजानंतर दोघं गेली. इस्त्रीचा सदरा, तोंडात कवळी. दिवा पेटला, पडद्यावर अनस आला. गुलाम रसूल यांनी सगळेच्या सगळे दात दाखवले.

अनस बघतच राहिला. "बाबा, दुखतात?"

"छे!" डोळ्यांत पाणी होतं.

"जेवताना घालता ना?"

बाबांनी दिव्याकडे पाहिलं. दिवा पेटलेला असताना खोटं बोलवेना. "जेवताना काढतो. तुला दिसायला घालतो."

तिकडे अनस इतका हसला की बाबांच्या कानाला लावलेल्या हेडफोनात खरखर झाली. मग हसू आवरून म्हणाला, "दात जेवायला दिले हो बाबा. मला काय दात बघायचेत? काढा ते. मला माझे बाबा बघू द्या."

गुलाम रसूल यांनी कवळी काढून डबीत घातली आणि तोंड भरून हसले. अनसने आपली खुर्ची पडद्याजवळ ओढली.

वेळ संपली तसा कॅफेवाला उठून बटणाकडे हात नेऊ लागला. गुलाम रसूल यांनी त्याचा हात धरला.

"थांब," ते म्हणाले. "तो दिवा ऱ्हाऊ दे जरा."