सीलबंद ओल

साहेब, ती होडी नदीने बुडवलेली नाही. तुम्ही बुडवलीत. माझ्या हातांनी बुडवलीत, हेही लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना मी स्वतःला वगळतोय असं वाटायला नको.

मी भांडारपाल. पुराच्या सामानाच्या कोठाराची किल्ली अकरा वर्षं माझ्या कमरेला आहे. हवा भरायची रबरी होडी कोठारात एकच, आणि ती चालवणारे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे भावोजी. ते होडीला म्हैस म्हणायचे.

"मेव्हणे, म्हैस दिवसभर पाण्यात बसू दे, पण गोठा कोरडा पाहिजे. नाहीतर तिला बुरशी धरेल आणि ती तुमच्यासारखी दिसायला लागेल."

त्यांची एक पद्धत होती. होडी साध्या पाण्याने धुवायची, फुगलेलीच सावलीत ठेवायची, तळाच्या फळ्या काढायच्या. मग तळ आणि फुगा जिथे चिकटवलेले असतात त्या शिवणीत बोट घालायचं. बोट कोरडं निघालं तरच घडी. घडीत पावडर, हवेच्या झडपा उघड्या, खाली लाकडी मांडणी. दोन महिन्यांनी पुन्हा सगळं उलगडायचं.

तुम्ही आलात आणि सील आणलंत. शिशाची गोळी, तार, तुमचा ठसा. ज्याला सील ते 'तयार', असा नियम झाला. सील तोडायचं तर तुमची लेखी परवानगी. प्रात्यक्षिकाच्या दिवशी फोटो निघाले, टाळ्या झाल्या आणि होडीतून अजून पाणी गळत असताना तुम्ही म्हणालात, "बांधा. आजच तयार दाखवायची आहे."

भावोजी म्हणाले, "साहेब, दोन दिवस वाळू द्या."

"होडी आहे ती. पाण्याला घाबरते का?"

सगळे हसले. मीही हसलो.

उघडून वाळवायची परवानगी मी तीनदा मागितली. तिन्ही अर्ज तुमच्या टेबलावरच्या काचेखाली गेले. आठ महिन्यांनी तुमचे वरचे साहेब पाहणीला येणार असं कळलं, तेव्हा सकाळी सकाळी तुम्ही स्वतः तार कापलीत. घडी उघडली आणि तुम्ही नाकाला रुमाल लावलात. कुजक्या पोत्यासारखा वास. केशरी रबरावर काळे ठिपके, आणि शिवणींत तर काळी दोरी ओवल्यासारखी बुरशी.

मी म्हणालो, "चार दिवस लागतील. कोरड्या ब्रशने झाडून घेतो, मग पाण्यात व्हिनेगर मिसळून मऊ ब्रशने हळूहळू, मग धुऊन वाळवायची."

"ते दुपारी येतायत. ब्लीचिंग पावडर आहे ना कोठारात? ओता."

"शिवणीचा डिंक खाईल ती. भावोजींना तरी बोलवू द्या."

"नातेवाईक घरी. इथे मी सांगतोय."

मी ओतली. दाट कालवून, बादलीभर, तारेच्या घासणीने. काळं गेलं. दुपारी वरच्या साहेबांनी होडीवर थाप मारली आणि म्हणाले, "वा, नवी कोरी!" नीट धुवायला वेळ नव्हता, वाळवायला तर नव्हताच. संध्याकाळच्या आत पुन्हा घडी, पुन्हा तार, पुन्हा तुमचा ठसा.

भावोजींना मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. लाज वाटत होती. त्यांनी त्या शिवणी हातांनी जपल्या होत्या.

तीन आठवड्यांनी नदी चढली. खालच्या गल्लीतला शिंपी आणि त्याची बायको छपरावर अडकले. भावोजी धावत कोठारात आले आणि तारेला हात घालत त्यांनी मला एकच विचारलं, "कोरडी आहे ना रे?"

मी म्हणालो, "सील आहे."

कोरडी आहे म्हणालो नाही. नाही असंही म्हणालो नाही. तुमच्या हाताखाली माझ्या तोंडाला जे वळण लागलं तेच बाहेर पडलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. शिवणीत बोट घालून बघायला त्या दिवशी वेळ नव्हता.

दोघांना उतरवून घेतलं आणि परतताना, मधोमध, डाव्या बाजूची शिवण उसवली. मी काठावरून बघत होतो. चिंधी फाटावी तसा आवाज झाला, मोठा काही नाही. भावोजींच्या एका हातात शिंप्याची कॉलर होती. दुसऱ्या हाताने त्यांनी त्याच्या बायकोचा पदर पकडला. हातात पदरच राहिला.

अहवालात एक ओळ आहे: 'चालकाचा हलगर्जीपणा.' खाली तुमची सही. भावोजी निलंबित आहेत. दिवसभर खाटेवर बसतात, उजवा हात मांडीवर उपडा ठेवून. मी जाऊन सगळं सांगितलं, बादलीसकट. ताईने माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "पी आणि जा. परत येऊ नकोस." आवाज न चढवता म्हणाली, म्हणून जास्त लागलं.

चौकशीवाल्यांकडे मी तिन्ही अर्जांच्या नकला घेऊन गेलो. मूळ अर्ज फायलीत नाहीत, म्हणाले. तुमच्या टेबलावर नवी काच बसवली आहे. शिंपी दुकान उघडतो, मशीनवर बसतो, पण पाय हलवत नाही.

काल नवी होडी आली. दारात तिला पाणी मारलंत, फोटो काढलात आणि मला म्हणालात, "बांधा." मी शिवणीत बोट घातलं. ओलं निघालं. तुमच्यासमोर धरलं, तर तुम्ही घड्याळ बघितलंत.

तार अजून माझ्या हातात आहे, बांधलेली नाही. फार तर मला काढाल आणि दुसरा कोणी बांधेल, ते मला माहीत आहे. तरी हा चौथा अर्ज समजा. होडी कोरडी आहे की नाही? सील आहे की नाही ते विचारत नाही. कोरडी आहे का, तेवढं सांगा. लेखी, खाली सही करून.