डावा कान

"तोंड उघड की गं. दूध आहे, औषध नाही," म्हणत आजीने पेला पुढे केला. पण नातीने ओठ असे मिटलेले, जणू कुणी खळ लावून चिकटवलेत. समोर म्हातारा बसला होता. तो उठून बाहेर गेला, तसा पोरीने पेला एका दमात रिकामा केला आणि बोलायला जी लागली ती थांबेचना.

जावई लढाईवर गेला म्हणून लेक पोरीला घेऊन माहेरी आलेली. आल्या दिवसापासून हेच. पोरीचं लाडाचं नाव भिंगरी, पण आजोबा दारात दिसले की भिंगरीची अळीमिळी गुपचिळी.

आजीला गल्लीत कात्री म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. तिने पोरीला कोपऱ्यात घेऊन खोदून खोदून विचारलं, तेव्हा उत्तर आलं.

"ते भिंतीवरचे आहेत ना, तेच हे. आपण बोललो की ते शत्रूला जाऊन सांगतात. मग बाबांवर गोळ्या पडतात. शाळेत बाईंनी सांगितलंय."

कात्रीला हसावं की रडावं कळेना. म्हातारा छापखान्यात खळ शिजवायचा आणि पोस्टरं भिंतींना चिकटवायचा. लढाई सुरू झाली तेव्हा तिथल्या चित्रकाराला शत्रूचा हेर काढायचा होता आणि मेल्याला हेराचा चेहरा सुचेना. समोर बादली घेऊन हा उभा. एक पापणी जन्मापासून अर्धी मिटलेली, कान सुपाएवढे. "काका, जरा भिंतीला कान लावा बघू," चित्रकार म्हणाला, आणि यानं लावला. घरी हसत हसत सांगत आला. हात दाखवून अवलक्षण, असं कात्री तेव्हाच बोलली होती. चित्राखाली मोठ्या अक्षरांत आलं, 'जपून बोला, शत्रू ऐकतोय', आणि ते गावभर म्हाताऱ्याने आपल्याच हाताने चिकटवलं. पार लेकीच्या गावच्या शाळेपर्यंत ते पोचलं होतं.

आधी लोकांनी थट्टा केली. मग घराघरातली पोरं लढाईवरून परत येईनाशी झाली, तशी थट्टा नासली. म्हातारा दिसला की बायका बोलता बोलता गप्प होत. एकदा नळावर शेजारीण म्हणाली, तुमच्या माणसाला सांगा, आमच्या खिडकीखालून जात जाऊ नका. कात्रीने तिथल्या तिथे कापली. "तुझ्या खिडकीत ऐकण्यासारखं आहे काय? सासूच्या चुगल्या? शत्रूसुद्धा कंटाळून परत जाईल." पाणी घेऊन ताठ मानेने घरी आली.

नातीचं मात्र म्हाताऱ्याला जिव्हारी लागलं. तिच्यामागे तो लागला नाही. एक दिवस फक्त ब्रश तिच्यापुढे धरला आणि गल्लीच्या तोंडाशी घेऊन गेला. तिथे त्याचंच पोस्टर होतं. त्यावर साबणाची नवी जाहिरात लावायची होती. पोरीने आधी पापणीवर खळ फासली, मग कानांवर, मग सगळ्या तोंडावर, आणि शेवटी खदखदून हसली. त्या संध्याकाळी ती आपणहून म्हाताऱ्याच्या मांडीवर चढली आणि डाव्या कानाला तोंड लावलं. पोरांचं कुजबुजणं ते, चार घरं ऐकतील असं. शिवण घेऊन बसलेल्या कात्रीलाही ऐकू गेलं. "बाबा पुलाजवळ आहेत. कुणाला सांगू नका हं." म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याचे डोळे भरून आले होते.

तो आठवडा सरायच्या आत गणवेशातला माणूस दारात आला. पूल उडवला होता. जावई पुलावरच होता.

लेक भिंतीकडे तोंड करून पडली. रडणाऱ्याला सावरता येतं, हिला कसं सावरायचं? आणि पोरगी दुसऱ्या कोपऱ्यात, दोन्ही हात तोंडावर दाबून. म्हातारा घरात नसतानाही शब्द नाही, अन्नाचा कण नाही. कात्रीने जवळ घेतलं, रागे भरली, शेवटी तीही थकली. तेव्हा हात जरासे सुटले.

"मीच सांगितलं त्यांना."

म्हातारा उंबऱ्यात उभा होता. त्याचा चेहरा असा पडला की कात्रीला बघवेना. पण तो आत आला, गुडघे मोडून पोरीपुढे बसला आणि उजवा कान पुढे केला.

"काय म्हणालीस, बाळा? या बाजूने बोल. तो डावा लहानपणापासून बंद आहे माझा. त्या दिवशी तू काय पुटपुटलीस, मला कळलंच नाही. गुदगुल्या झाल्या, एवढंच."

पोरीने आजीकडे पाहिलं. खरं खोटं करायला दुसरं होतं कोण?

त्याच डाव्या कानाने म्हातारा झोपेतही उंदराची चाहूल घ्यायचा. कात्रीने उभ्या जन्मात नवऱ्याच्या हो ला हो म्हटलं नव्हतं.

"संसारभर ओरडून ओरडून घसा गेला माझा," ती म्हणाली. "आता कळलं तुला?"

पोर आजीच्या पदरात तोंड खुपसून पहिल्यांदा रडली.

तेव्हापासून म्हाताऱ्याने तो कान मिटला तो मिटलाच. डावीकडून कुणी शत्रू म्हटलं तरी वळला नाही. कात्री डावीकडे बसली तर गल्लीला ऐकू जाईल एवढ्याने ओरडायची.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी लेक उठली. म्हातारा जेवत होता, भिंगरी समोर बसलेली. लेक येऊन बापाच्या डाव्या अंगाला बसली. बातमी आल्यापासून तिने तोंड उघडलं नव्हतं.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "त्यांना फार त्रास झाला असेल का हो?"

म्हाताऱ्याचा हात ताटावरच राहिला. भिंगरी त्याच्याकडे टक लावून पाहत होती. त्याने घास उचलला, तोंडात घातला आणि चावत राहिला.

"आई, तिकडून नाही," भिंगरी म्हणाली. "आजोबांना त्या कानाने ऐकूच येत नाही."

लहानपणी त्याच कानात गुपितं सांगितलेल्या लेकीने बापाकडे पाहिलं, मग आईकडे. कात्रीने नुसती होकाराची मान हलवली. लेक उठून बापाच्या उजवीकडे येऊन बसली.

"पाणी देऊ का, बाबा?"

"दे," म्हातारा म्हणाला.