अतुलने न पाहिलेला भाग

अतुल प्यायला लागला आहे, याबद्दल रंजीताच्या मनात शंकाच उरली नव्हती. आलापल्लीजवळच्या त्यांच्या गावात मोहाची दारू शोधायला कुणाला लांब जावं लागत नाही, आणि धाकट्या भावाचे रंगढंग तर आंधळ्यालाही दिसले असते. तेंदूपत्त्याचे पुडे बांधताना गाठ त्याच्या बोटांतून निसटायची. चहा अंगावर सांडायचा. बोलता बोलता जीभ अडखळायची.

"पोरगं थकते वं सरावानं," आई म्हणायची. आयांचं काय, पोरगा बुडत असला तरी त्यांना तो पोहतोय असंच वाटतं.

रंजीता मात्र डोळ्यांत तेल घालून बसली होती. रविवारी चंद्रपूरला बॉक्सिंगची निवड चाचणी होती. अतुल शाळेत होता तेव्हापासून गोपाल सर त्याला अहेरीच्या मैदानावर शिकवत होते. त्यांना वास आला असता तर सगळंच मुसळ केरात. म्हणून ती काहीतरी निमित्त काढून अतुलच्या तोंडाजवळ जायची. वास यायचा नाही. त्यामुळे तिचा संशय वाढलाच. बडीशेप खात असणार, लबाड!

दुपारी पुडे बांधून झाले की दोघं अतुलच्या मोबाईलवर बॉक्सिंगचं जपानी कार्टून पाहायची. जपानी पोरं हिंदीत बोलतात म्हणून ती आधी खूप हसली होती. पण अतुलने तिला गोडी लावली. "बाकी कार्टुनात हिरो मार खाते अन् दुसऱ्या सीनमधी टकाटक. याचा डोळा पाह्य बाई, पुढच्या भागातबी सुजलाच आहे. हरते, भेते, मंग शिकते. हे खरं आहे."

अलीकडे तिला एक गोष्ट खटकत होती. हिरोच्या जिममधला एक जुना बॉक्सर पडद्यावर आला, की अतुल मोबाईल बंद करायचा. "बॅटरी गेली," म्हणायचा. बॅटरी तर चांगली अर्धी असायची. तिच्या मनात पाल चुकचुकली.

शुक्रवारी तो मोबाईल विसरून सरावाला गेला आणि तिने तो भाग लावला. जुन्या बॉक्सरला सदऱ्याची बटणं लावता येत नव्हती. बायको त्याचं तोंड हुंगून त्याला शिव्या घालत होती. तो प्यायलाच नव्हता. डोक्यावर बसलेले ठोसे आता बाहेर निघत होते. ते लपवून तो रिंगणात उतरला आणि जिंकला. केवढा जल्लोष!

रंजीताला त्या बायकोचा राग आला, मग स्वतःचा. ती पुढचे भाग पाहत सुटली. तो बॉक्सर कुठेच नव्हता.

अतुल परत आला तेव्हा तिने सरळच विचारलं, "हे तुले कधीपासून होऊन राह्यलं?"

"माझा मोबाईल काऊन पाह्यला?" तो उसळला. मग पायरीवर बसला. "मागच्या महिन्यात सरावात डोक्यावर पडलो. तवापासून डोकं घुमते." त्याने मोबाईलकडे बोट दाखवलं. "बाई, तो लढते का शेवटी?"

खोटं अगदी तिच्या ओठांवर आलं होतं. पण इतके दिवस त्याला खोटारडा ठरवून तिचंच तोंड कडू झालं होतं.

"लढते. जिंकतेबी."

त्याचा चेहरा खुलला. "अन् मंग?"

"मंग तो दिसतच नाई बाबू. मी लय शोधलं."

अतुलने अंगणाकडे पाहतच हात पुढे केला. "मोबाईल दे. रविवारी येत नाई म्हून सरांले सांगतो."

तिचा जीव भांड्यात पडला. तिने मोबाईल दिला. तो नावं वर-खाली सरकवत राहिला, पण फोन काही लावेना. टाळतोय मेला, तिला वाटलं. पुन्हा नवी थाप शोधत असेल.

"लाव न! काऊन टाळून राह्यला?"

त्याने वर पाहिलं. डोळे भरून आले होते.

"बाई, सरांचं नाव काय आहे?"