अस्वल अजून बाहेर आहे

बोलायचं नाही असं ठरवलेली दोन माणसं एका घरात आली, की बोलणं काही थांबत नाही, ते फक्त आडवाटेने जातं. त्या घरात ते सहा वर्षांच्या एका मुलीच्या पायांनी जात होतं.

"मोठ्या काकांना सांग, न्हाणीघराची कडी मोडलीय. घरात सुतार असून!"

मुलगी जिना उतरून खालच्या कारखान्यात धावली. मोठे काका फळीला रंधा मारत होते. तिने बापाच्याच सुरात, बापासारखाच हात उडवून निरोप दिला, 'घरात सुतार असून'सकट.

"बाबांना सांग, वर्षभर धड होती. पाहुणे आले आणि मोडली."

ती पुन्हा वर. हिवाळ्याची सुट्टी लागून ती बाबांबरोबर आली, तेव्हापासून हेच चाललं होतं. तिचं नाव आता 'टपाल' पडलं होतं आणि त्याचा तिला कोण अभिमान!

"पोरीला किती पळवाल?" थोरल्याची बायको, वहिनी, नवऱ्याला म्हणाल्या.

"तिला गंमत वाटतेय. घरात एकाला तरी वाटू दे."

दोघा भावांचं भांडण वडिलांच्या जाण्यावरून होतं. धाकटा लांब पल्ल्याची बस चालवायचा. गेल्या हिवाळ्यात वडिलांचं अखेरचं दुखणं आलं, त्याच्या घरी निरोप गेला तेव्हा तो बस घेऊन दूर गेलेला. तो दारात उभा राहिला तोवर सगळं उरकलं होतं. थोरल्याने थांबायला हवं होतं, असं धाकट्याचं म्हणणं. त्याने आधीच यायला हवं होतं, असं थोरल्याचं. दोघेही खरंच बोलत होते, म्हणून तर मिटत नव्हतं.

पण टपालला या सुट्टीत एकच गोष्ट हवी होती. अस्वल.

त्या घरात दर हिवाळ्यात एका संध्याकाळी कारखान्यात पांढरी चादर टांगायची. मागे घोंगडी पांघरून अस्वल, पुढे घरवाला. घरवाला गाऊन प्रश्न विचारणार, अस्वल गाऊन उत्तर देणार आणि शेवटी घरवाला त्याला आत घेणार. वडिलांनी हे रचलं, थोरल्याला घरवाला शिकवलं आणि धाकट्याला अस्वल. देवाने दोघांनाही गळा दिला होता, वळण वडिलांनी लावलं. दोन्ही भाग एकाला येत नव्हते. आणि घरातलं सगळ्यात लहान पोर अस्वलामागे बॅटरी धरायचं. नियम एवढाच, की अस्वल आत आल्याशिवाय बॅटरी विझवायची नाही. यंदा पाळी गट्टूची होती, सुताराच्या साडेतीन वर्षांच्या मुलाची. टपालने त्याच्याकडून हे घोटून घेतलं होतं.

"बाबांना सांग, मी गाणार नाही," मोठे काका म्हणाले.

"मोठ्या काकांना सांग, विनवायला मी आलोच नाही."

या वेळी टपाल निम्म्या जिन्यातच बसली आणि तिने भोकाड पसरलं.

वहिनी वरून उतरल्या. त्यांनी कपाटातून चादर काढली, स्वतः खिळ्यांना अडकवली आणि दोघांनाही ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तोंडं बघायची नाहीत ना? मध्ये कापड आहे. बसा!"

बाहेर अंधारलं होतं. कारखान्यात सरसाचा आणि ताज्या भुशाचा वास होता. चादरीवर एक भलीमोठी, कुबडी सावली उठली. टपाल पुढे, हनुवटीला गुडघे लावून बसली. थोरल्याने दातओठ खात सुरुवात केली.

"कोण रे दारात, कोण रे?"

"मी अस्वल थंडीनं मेलो रे!"

"पाय कशाने मळले रे?"

"वाटेत चिखल फार रे!"

"यायला उशीर का रे?"

इथे अस्वलाने म्हणायचं, की वाट बर्फात बुडाली रे. सावलीने डोकं वर केलं.

"मला कुणी कळवलंच नाही रे!"

टपाल खुदकन हसली. तिला वाटलं, नवीन ओळ आहे. वहिनी मात्र चपापल्या.

"कळवलं होतं, तूच नव्हतास रे!" थोरला त्याच चालीवर, पण वरच्या पट्टीत.

"रात्रभर थांबायचं होतं रे!"

"दुपारपर्यंत थांबलो रे! खांदे माझेच होते रे!"

"माझाही बाप होता रे!"

सूर कुणाचाच सुटला नाही. शिकवणाऱ्याने इतकं पक्कं शिकवलं होतं, की भांडणही चालीत बसत होतं. मग थोरला उठला. "संपलं. जेवून घ्या."

"अहो, शेवटची ओळ राहिलीय," वहिनींना राहवेना.

"ती यंदा नाही."

सावली हलली नाही. उजेडही नाही.

"गट्टू, बॅटरी बंद कर."

"नाही," चादरीमागून आवाज आला.

"गट्टू!"

"अस्वल अजून बाहेर आहे."

चादरीवरचं अस्वल थरथरू लागलं. गट्टूचे हात भरून आले होते. वहिनी उठल्या, तर टपालने त्यांचा पदर धरला. "काकू, नियम आहे."

"बाबा, लवकर," गट्टू रडवेला होऊन म्हणाला, "मला जड होतंय."

थोरल्याने रंध्याखालच्या भुशाला लाथ मारली. चादरीकडे पाठ केली.

"ये रे!" तो खेकसला. त्यात सूर नव्हता. "ये एकदाचा आत! आणि दार लाव, पोरं गारठतात."

सावली वाकली आणि कडेने घोंगडीसकट आत आली. बॅटरी विझली. काळोखात कुणीतरी नाक ओढलं, कोण ते कळलं नाही.

"टपाल," धाकट्याचा घोगरा आवाज आला, "मोठ्या काकांना सांग, अस्वलाला पाणी हवंय."

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "माझे पाय दुखतात."

दिवा लावायला निघालेल्या वहिनी काळोख तसाच ठेवून खाली बसल्या.