शोनी आत्याच्या शेळ्यांचा उपास

थंडी सरत आली की आमच्याकडे निनवेचा उपास येतो. सोमवार, मंगळवार, बुधवार. योना संदेष्ट्याने निनवे शहराला बजावलं होतं की चाळीस दिवसांत तुमचा नाश होणार. मग राजापासून झाडूवाल्यापर्यंत सगळं शहर उपाशी राहिलं, देवाकडे दया मागत बसलं, आणि वाचलं. ते शहर आमच्या गावापासून खेचरावरून दीड दिवसाच्या वाटेवर. त्यामुळे आमची माणसं ही गोष्ट परक्यांची म्हणून सांगतच नाहीत. "आपल्या लोकांनी तेव्हा केला ना उपास," असं म्हणतात, जणू मागच्या वर्षीच झालं सगळं.

मी सात वर्षांची होते तेव्हाचा उपास मला जसा आठवतो तसा कालचा दिवससुद्धा आठवत नाही.

त्या शनिवारी बाबा खेचर घेऊन डोंगरापलीकडे गेले होते. तिकडच्या कुर्दांच्या गावात सालेह नावाचा त्यांचा मित्र होता. दर हिवाळ्यात आमच्या मनुका त्याच्याकडे जायच्या आणि त्याच्याकडचा मध आणि रंगाला लागणारी माजूफळं आमच्याकडे यायची. "रविवारी संध्याकाळी घरी येतो," बाबा म्हणाले होते. "सोमवारी चर्चमध्ये सगळ्यांत आधी गुडघे मीच टेकणार, शोनी. तू बघच."

"तुझे गुडघे टेकतात ते लवंडायला," आत्या म्हणाली होती.

रविवारी दुपारी बर्फ पडायला लागला. दिवेलागणीला अंगणात तो माझ्या गुडघ्याच्या वर आला होता. बाबा आले नव्हते.

शोनी आत्या ही बाबांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर अकरा शेळ्या हाकत ती माहेरी परत आली होती, आणि त्या शेळ्यांवर आणि आमच्यावर तिचं सारखंच राज्य चालायचं. सोमवारी पहाटे ती चर्चला जायला निघाली ती आधी गोठ्यात गेली. चौदा करडं होती त्या वर्षी. एकेक उचलून तिने खालच्या खोलीत कोंडलं आणि दाराला कडी घातली. शेळ्या राहिल्या अंगणातल्या गोठ्यात, पुढ्यात चारा नाही.

आई धावत आली. "वन्सं, हे काय?"

"उपास."

"शेळ्यांना?"

"निनवेच्या राजाने काय हुकूम काढला होता? माणसांनी खायचं नाही आणि जनावरांनीही खायचं नाही. पुस्तकात आहे. आपण दर वर्षी अर्धाच उपास करतो, नजमे. या वर्षी माझा भाऊ डोंगरात आहे. या वर्षी पुरा करायचा."

"अहो, पिल्लं मरतील."

"दुपारपर्यंत कोणी मरत नाही. आपण दुपारी प्रार्थना झाल्यावर खातो, तीही तेव्हाच खातील. मी काय राक्षसीण आहे?"

आई आत गेली. बाबा आले नाहीत तेव्हापासून ती नुसती काम करत होती. घासलेली भांडी परत घासत होती.

आणि मग सुरू झाला तो कालवा. करडं आत ओरडायची, आया बाहेर ओरडायच्या. अकरा आणि चौदा, पंचवीस गळे, आणि मध्ये एक भिंत. पलीकडचा तोमा विणकर मागावरून उठून छपरावर आला.

"शोनीबाई, कोणाचा गळा कापताय काय?"

"प्रार्थना चालू आहे, तोमा. तूही कर, मागाला हात लावू नको उपासाच्या दिवशी."

"असली प्रार्थना ऐकली तर देव दुसऱ्या गावी राहायला जाईल!"

पण तोमा मनाने चांगला. मंगळवारी तोच आठ माणसं घेऊन डोंगरात गेला. खिंडीपर्यंत काही पोहोचता आलं नाही. धुकं इतकं की पुढच्या माणसाची पाठ दिसेना. हाका मारमारून सगळ्यांचे घसे बसले आणि दुपारी ते परत आले. तोमा आमच्या दारात उभा राहिला, आईकडे न बघता म्हणाला, "उद्या परत जाऊ." आमच्या चर्चला तेव्हा घंटा नव्हती, लाकडाची फळी बडवायचे. तिचा आवाज गावाच्या वेशीपलीकडे जात नसे.

आता माझ्या पापाचं सांगते. त्याच मंगळवारी सकाळी मोठी माणसं चर्चमध्ये असताना मी पाणी आणायचं निमित्त करून घरी आले. खालच्या खोलीच्या दाराच्या फटीतून एका करडाने तोंड बाहेर काढलं होतं. एक कान पांढरा, एक काळा. मी बोट पुढे केलं, तर ते चोखायला लागलं. एवढ्या जोरात, एवढ्या विश्वासाने, की मला राहवेना. मी कडी काढली, त्याला तेवढं बाहेर घेतलं आणि त्याच्या आईजवळ सोडलं. ते शेपटी नाचवत पोटभर प्यालं. मग मी त्याला परत आत ढकललं आणि तोंड पुसलं. त्याचं, आणि माझंही. का कोण जाणे.

दुपारी तोमा रिकाम्या हाताने आला तेव्हा मला कळून चुकलं. देव बाबांना पाठवतच होता. माझ्यामुळे थांबला.

बुधवारी चर्चमध्ये मला ते सहन होईना. त्या उपासात प्रार्थना म्हणजे बसून पुटपुटणं नव्हे. "प्रभू, आमच्यावर दया कर," असं सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, गुडघ्यांवर पडायचं, कपाळ जमिनीला लावायचं, उठायचं, आणि परत. शेकडो वेळा. म्हाताऱ्यांचे गुडघे कडकड वाजायचे, पोरं एकमेकांकडे बघून हसायची. त्या दिवशी मी हसले नाही. दर वेळी कपाळ आपटताना वाटायचं, ही दया माझ्यापाशी येऊन परत जातेय. शेवटी मी उठलेच नाही. तशीच पडून रडायला लागले.

आत्याने मला काखेला धरून बाहेर ओट्यावर आणलं. "काय झालं गं, सुरमे?"

मी सगळं सांगितलं. पांढरा कान, काळा कान, सगळं.

मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. आत्याने मला ओट्यावर टेकवलं. मग पदराने माझं नाक पुसलं, इतक्या जोरात की ते लाल झालं.

"किती वेळ प्यालं?"

"पोट भरेपर्यंत."

"हं." ती हिशोब करत होती. "मग भरपाई करू. आज दुपारी सोडायचं नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत उपास. सगळ्यांचा."

"एकट्या त्याचा कर ना आत्या."

"एकाने मोडला तर सगळ्यांनी भरायचा. निनवेतही असंच होतं." निनवेत असं होतं की नव्हतं, देव जाणे. पण माझ्या छातीवरचा दगड खाली उतरला. पापाला भरपाई आहे हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं.

दुपार झाली. गावात घरोघरी मसुराचं आणि दलियाचं वाटप सुरू झालं. आमच्या घरी मात्र कालवा आणखीच चढला. रोज दुपारी सुटायची सवय लागलेली करडं आज कोणी येत नाही म्हटल्यावर दाराला धडका द्यायला लागली. तीन वाजायच्या सुमारास पाद्री यल्दा स्वतः आले. धुक्यामुळे त्या दिवशी डोंगरात जाताच न आलेला तोमा मागून, त्याच्या मागून निम्मी गल्ली.

"शोनी," पाद्रीबाबा म्हणाले, "पुरे. करडांना सोड."

"पाद्रीबाबा, राजाचा हुकूम पुस्तकात आहे की नाही?"

"आहे. पुस्तकात जनावरांना गोणपाट पांघरलं असंही आहे. मग तुझ्या शेळ्यांना गोणपाट कुठंय?"

आत्याने गोठ्याचं फाटक उघडून दाखवलं. सगळ्यांत म्हातारी शेळी मनुकांचं रिकामं पोतं पांघरून उभी होती. "एकच होतं घरात," आत्या म्हणाली. "बाकीची माझा ओराहा घेऊन गेलाय."

तोमाला हसू आवरेना. पाद्रीबाबांनी दाढीत हात घातला. तेही हसतच होते, फक्त दाढीच्या आतून. मग त्यांनी आईकडे बघितलं आणि गंभीर झाले. "अगं, देव बहिरा नाही. एवढं ओरडायला लागत नाही त्याच्यापुढे."

"देव नसेल बहिरा," आत्या म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज कापला. "पण मला दुसरं काही सुचत नाही हो, पाद्रीबाबा. मी तीन दिवस म्हणतेय दया कर, दया कर. माझा एकटीचा आवाज पुरत नाही. म्हणून ह्यांना जोडीला घेतलं."

तोमाचं हसू विरलं. पंचवीस गळे तेवढे ओरडत होते.

आणि त्या कालव्यातून, वरून, धुक्यातून, आवाज आला. "अरे, कोण छळतंय रे माझ्या शेळ्यांना?"

आईच्या हातातलं पातेलं पडलं. ती अनवाणीच धावली, बर्फातून, आणि तिच्यामागे गल्ली. चढावर धुक्यातून आधी खेचराचे कान दिसले, मग खेचर, मग त्याच्या शेपटीला धरून चालणारे, पांढऱ्या भुवयांचे माझे बाबा. आईने त्यांना मिठी मारली नाही, गावासमोर कशी मारणार. तिने खेचराला मारली. मग खेचराच्या मानेवरून हात पुढे करून बाबांची बाही घट्ट धरली आणि घरापर्यंत सोडली नाही.

शेकोटीपाशी बाबांनी सांगितलं ते असं. रविवारी खिंडीत बर्फाने गाठलं. धनगरांच्या गुहेत तीन दिवस काढले. बुधवारी दुपारी धुकं जरा विरळ झालं म्हणून निघाले, आणि अर्ध्या वाटेत ते परत दाटलं. फाट्यावर आले तेव्हा गावाची वाट कुठली आणि दरीची कुठली, काही कळेना. खेचरही अडून बसलं.

"दरीकडेच वळलो होतो," बाबा म्हणाले. "चार पावलं टाकलीही होती. तेवढ्यात उजवीकडून शेळ्या ऐकू आल्या. आधी वाटलं, कान वाजतायत. मग म्हटलं, नाही, एवढ्या भांडखोर शेळ्या फक्त शोनीच्याच. आवाज धरून आलो. थांबला असता तर मीही थांबलो असतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कारण आत्याने तोवर, अभिमानाने, पांढऱ्या कानाची गोष्ट सगळ्या गल्लीला सांगून टाकली होती. पाद्रीबाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पुढच्या वर्षी पण पाप करशील का गं?" त्यांनी विचारलं, आणि तोमा इतका हसला की त्याला ठसका लागला.

"ओराहा," आत्या एकदम म्हणाली, "गुहेत काय खाल्लंस?"

"मध. दुसरं होतं काय?"

"दुपारनंतर खायचास ना?"

"शोनी, त्या धुक्यात दुपार कुठली दिसतेय!"

"मध चालतो," पाद्रीबाबा घाईघाईने म्हणाले.

तेवढ्यात कोणीतरी खालच्या खोलीची कडी काढली. चौदा करडं अंगणातून अशी सुटली की पाद्रीबाबांनाही ओट्यावर उडी मारावी लागली. प्रत्येकाने आपली आई शोधली आणि क्षणात सगळं शांत झालं. सकाळपासून पहिल्यांदाच आमच्या घरात एकमेकांचा श्वास ऐकू आला. आई तेव्हा रडली, आणि रडता रडता हसली.

बाबांचे हात शेकोटीवर होते, दात अजून वाजत होते. "नजमे," ते म्हणाले, "घोटभर गरम दूध दे."

"दूध?" आत्या ताडकन उठली. "तिन्ही दिवस दूधदुभतं बंद, उपास उद्या सकाळी सुटतो!"

"शोनी!" सगळी गल्ली एकदम ओरडली. पाद्रीबाबासुद्धा.

आई तांब्या घेऊन गोठ्यात गेली. एका शेळीपाशी बसली, मग दुसरीपाशी, मग तिसरीपाशी. करडं शेपट्या नाचवत होती. ती परत आली आणि तिने तांब्या उलटा करून दाखवला. एक थेंब पडला नाही.

"बघितलंत?" आत्या म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की तिला कोणी उलट बोलूच शकलं नसतं. "त्याने माझा भाऊ पण आणला, आणि भावाचा उपासही मोडू दिला नाही."

बाबांनी गरम पाण्यात मध ढवळून घेतला आणि तिच्या नावाने एक शिवी हासडून तो पिऊन टाकला.