डबे कोरडे आहेत

तीन नंबरच्या टॉवरला एक्केचाळीस पायऱ्या होत्या आणि श्रावण मेश्राम नऊ वर्षं त्या चढत-उतरत होता. खाली चंद्रपूरकडचं सागाचं दाट जंगल, मधोमध झाडं तोडून सपाट केलेलं सरकारी मैदान. तिथं तोफगोळ्यांची चाचणी चालायची. चाचणीच्या दिवशी वरचं आकाश बंद; पाखरांनी उडावं, माणसानं नाही. आता आकाशाला काही काटेरी तार लावता येत नाही. म्हणून सरकारनं चार कोपऱ्यांत चार टॉवर उभे केले आणि त्यांवर श्रावणसारखी चार माणसं बसवली. तीही टेम्पररी. एकोणनव्वद दिवस काम, मग एक दिवस घरी, की पुन्हा पहिल्यापासून सुरू.

सरकारी विमानांचा त्रास नव्हता, ती नकाशा पाहून जायची. डोक्याला ताप होता तो खासगीवाल्यांचा. नागपूरहून गडचांदूरच्या चुनखडी खाणींकडे जाणारे शेठलोक, त्यांची छोटी विमानं, आणि सोबतच्या पाहुण्यांना वरून वाघ दाखवायची हौस. यांना थोपवावं कसं, यावर सुरक्षा अधिकारी दाणी साहेबांनी दोन वर्षं डोकं खाजवलं. पत्रं पाठवली, ती कुठल्या तरी टेबलावर पडून राहिली. मग साहेबांनी मैदानाच्या कडेला चुन्यानं भलीमोठी अक्षरं काढून घेतली: इथून पुढं उड्डाण मनाई. झालं काय, की खाली काय लिहिलंय ते वाचायला विमानं आणखी खाली यायला लागली. टॉवरवरची चारही माणसं तेव्हा पोट धरून हसली होती. शेवटी प्रत्येक टॉवरवर लाल धुराचे डबे आले. विमान दिसलं की डबा पेटवायचा, लाल धूर वर गेला की पायलटनं समजायचं आणि माघारी वळायचं.

डबे लोखंडी पेटीत, पेटीला लाखेचं सील. दर शनिवारी पेटी उघडून डबे तपासायचे आणि रजिस्टरमध्ये लिहायचं, ‘डबे कोरडे आहेत.’ खाली सही. पण सील तोडलं की काऊन तोडलं याचा तीन प्रतींत खुलासा द्यावा लागे, आणि नवं सील यायला महिना लागे. तोवर पेटी उघडी का, याचा आणखी एक खुलासा. तेव्हा चारही टॉवरवर शहाणपणाचा एकच रिवाज पडला: पेटीला हात लावायचा नाही, सही तेवढी करायची. श्रावणनं दोन पावसाळे अशा सह्या केल्या. वरच्यांनाही ते ठाऊक होतं म्हणा, पण ठाऊक असणं आणि कागदावर असणं यात फरक असतो.

सत्त्याऐंशीच्या सप्टेंबरात, पोळा होऊन पंधरा दिवस झाले असतील, चाचणी सुरू असताना उत्तरेकडून एक पांढरं विमान आलं. ढग खाली उतरले होते आणि विमान त्यांच्या पोटाखालून मैदानाची कड धरून चाललं होतं. कडेबाहेरच होतं ते. हे श्रावणला नंतर, शंभर वेळा आठवून आठवून, पक्कं कळलं. त्या वेळी मात्र त्याला वाटलं, हे आत घुसते. त्यानं फोन उचलला, फोन मेलेला. पेटीचं सील तोडलं. पहिला डबा फुसफुसला आणि विझला. दुसऱ्यातून नुसतं लाल पाणी गळलं. तिसऱ्याचं झाकणच गंजलेलं. मैदानातून गोळा सुटला आणि टॉवर हादरला.

श्रावणच्या बसायच्या जागेवर कांताची, म्हणजे त्याच्या बायकोची, गोधडी होती. वरचा पदर कांताच्या जुन्या लाल लुगड्याचा. त्यानं ती उचलली, खांद्यावरून मागं सोडली आणि कठड्यावर उभं राहून दोन्ही हातांनी हलवत सुटला. जा, बाबा, जा तिकडं.

विमान वळलं ते थेट त्याच्याकडे.

आदल्या वर्षी गोदावरीला मोठा पूर आला होता. सिरोंचाच्या बाजूला लोक घरांच्या छपरांवर तीन-तीन दिवस अडकले होते. तेव्हा हेच पांढरं विमान मालक शेठच्या परवानगीनं तिकडं जाऊन पोह्यांची पाकिटं टाकत होतं, आणि छपरांवरच्या बाया लाल लुगडी हलवून त्याला बोलावत होत्या. त्या पायलटच्या डोळ्यांत ते चित्र बसलेलं. श्रावणच्या हे ध्यानात कुठून येणार? त्याला एवढंच दिसलं, की आपण जीव तोडून हाकलतोय आणि तो उलटा जवळ येतोय. विमानानं टॉवरभोवती एक घिरटी घातली, मग दुसरी. तेवढ्यात मैदानावर आणखी एक गोळा फुटला आणि त्याचा तुकडा विमानाच्या पंखातून आरपार गेला. तोफवाल्यांनी तेव्हा वर पाहिलं आणि काम थांबवलं. विमान लटपटत मुरमाच्या रस्त्यावर उतरलं. पायलट एकटाच होता, चंद्रपूरच्या बांगडीवाल्यांचा मुलगा, मुश्ताक अली. त्याला खरचटलंही नव्हतं. गार्डांनी त्याला दंडाला धरून नेलं.

दाणी साहेबांना तर घबाड सापडलं. दोन वर्षं पत्रांनी झालं नाही, चुन्यानं झालं नाही, ते आता एका माणसानं होणार होतं. लाल धूर दिसत असून मुद्दाम आत घुसला, असा अहवाल गेला की मुश्ताकचं लायसन जाणार, वर तुरुंग. मग बघू कुठला शेठ पायलटला इकडून जा म्हणतो, असं साहेब ज्याला त्याला सांगत सुटले. मुश्ताक एकच सांगत होता, की धूर नव्हता, टॉवरवर एक बाई मदतीला बोलावत होती. ऑफिसात यावर फार हशा झाला. टॉवरवर बाई!

तिसऱ्या दिवशी साहेबांनी श्रावणला बोलावलं. त्यांचा क्लार्क रामाजी यानं जबाब टाइप करून ठेवला होता: विमान दिसताच मी लाल धुराचे दोन डबे पेटवले, तरीही पायलट आत आला. श्रावणनं ते दोनदा वाचलं. म्हणाला, उद्या सही करतो साहेब. साहेब हसले. तुझी परमनंटची फाइल माझ्याच टेबलावर आहे, एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या कागदाकडे वळले.

घरी आल्यावर त्यानं कांताला सगळं सांगितलं. तिनं चूल फुंकायची थांबवली. श्रावण म्हणाला, तो माणूस खरं बोलून राह्यला आणि मी गप आहो. कांतानं विचारलं, खरं सांगितलं तर काय होते? त्यानं सांगितलं. दोन पावसाळ्यांच्या खोट्या सह्या निघतील. नोकरी तर जाईलच, वरून सरकारला फसवलं म्हणून केस. आणि मुश्ताकच्या जागी तो आत. त्याच्या घराण्यात सरकारी नोकरीचा तो पहिला माणूस होता. त्याचा बाप जन्मभर दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबला होता.

कांता म्हणाली, "तुमी त्याले सोडवान. पण आपल्याले कोन सोडवन?"

तिला दोष द्यावा असं यात काही नाही. तिनं जे विचारलं तेच तोही मनात विचारत होता, फक्त त्याच्या तोंडून निघत नव्हतं. इकडं आड, तिकडं विहीर. तो अंगणात जाऊन उगाच लाकडं फोडत बसला. एकदा वाटलं, सहीच करू नये, पळून जावं धानोऱ्याच्या जंगलात, साळ्याकडे. पण पळाला तरी रजिस्टर थोडंच पळणार होतं?

दुसऱ्या दिवशी त्यानं सही केली. पेन दाबून, सरळ, नेहमीसारखी. रामाजीनं शाई टिपली, कागद लिफाफ्यात घातला आणि साहेबांसमोर ठेवला. श्रावण बाहेर आला.

व्हरांड्यातल्या बाकावर मुश्ताक बसला होता, शेजारी एक शिपाई. जीप यायची होती. तिशीचा, दाढी वाढलेली, शर्टाच्या बाहीला ग्रीसचा डाग. श्रावणच्या खाकीवरचा तीन नंबर त्यानं पाहिला आणि तो उठून उभा राहिला. शिपायानं त्याला खाली ओढलं.

"भाऊ," मुश्ताक म्हणाला, "तुम्ही त्याच टॉवरचे ना? ती बाई होती तिथं, लाल लुगड्यातली. तिचं काय झालं?"

मुश्ताक बोलतच होता. चार दिवस विचारून राहिलो, म्हणाला, कोणी सांगत नाही, नुसते हसतात. जंगलात तिला काही चावलं असेल, नाहीतर कोणी मागं लागलं असेल, म्हणून वर चढली असेल बिचारी. मी उतरलो तेव्हा ओरडून सांगितलं यांना, आधी तिला पाहा. कोणी गेलं का वर?

शिपाई तोंड फिरवून हसला. श्रावणला वाटलं, आता म्हणावं, बाई नव्हती, मी होतो, आणि मी तुले बोलावत नव्हतो, हाकलत होतो. चार शब्द. दार उघडंच होतं, आत साहेब, साहेबांच्या टेबलावर लिफाफा. त्यानं व्हरांड्याच्या कठड्यावर हात ठेवला.

"वाचली," तो म्हणाला.

"खरं?"

"हो. घरी आहे."

मुश्ताकनं डोळे मिटले. शुक्र है, म्हणाला. मग त्याचे खांदे एकदम सैल पडले आणि तो चार दिवसांत पहिल्यांदाच नीट टेकून बसल्यासारखा बसला. म्हणाला, मग जाऊ द्या लायसन, भाऊ. फुकट नाही गेलं.

जीप आली. शिपायानं त्याला बसवलं. जाताना त्यानं श्रावणला हात केला, एखाद्या नातेवाइकाला करावा तसा. धूळ खाली बसेपर्यंत श्रावण तिथंच होता, आणि मग तो चक्क माघारी फिरला. आत गेला. दाणी साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिला. लिफाफा अजून तिथंच होता, चिकटवायचा राहिलेला.

साहेबांनी मान वर केली. "आणखी काही?"

श्रावणनं त्या लिफाफ्याकडे पाहिलं. मग साहेबांच्या कोपराखालच्या फाइलकडे पाहिलं, जिच्यावर त्याचं नाव होतं.

"नाई साहेब," तो म्हणाला.

अकरा वाजता चाचणी सुरू व्हायची होती, म्हणून तो टॉवरकडे गेला.